हात न लावता

बँकेतल्या माणसाला ‘फरक’ या शब्दाची जेवढी धास्ती असते, तेवढी इतरांना यमाचीही नसेल. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला कॅश केबिनमधून "फरक येतोय" असं कुणी नुसतं पुटपुटलं, की हसतंखेळतं ऑफिस मयताला जमल्यासारखं दिसू लागतं. दुपारी ज्याच्या डब्यातली वांग्याची भाजी मिटक्या मारत खाल्ली, त्याच्याकडेच माणूस संशयानं बघायला लागतो. बी.कॉम. होऊन मी या खात्यात शिरलो त्याला एकवीस वर्षं झाली. तेवढ्या काळात फरक शोधण्यात माझे जितके तास गेले, तितक्यात दुसरा एखादा सतार शिकला असता. त्यामुळे फरकातूनच सूर काढणारं एक वाद्य जगात आहे असं मला समजलं, तेव्हा मी अंथरुणात उठून बसलो.

वाद्याचं नाव थेरेमिन. एक लाकडी पेटी, तिच्या उजव्या अंगाला उभी दांडी आणि डाव्या अंगाला आडवं कडं. वाजवणारा पेटीसमोर उभा राहतो आणि हवेत हात हलवतो. उजवा हात दांडीच्या जवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कड्याजवळ नेला की आवाज बारीक होतो, वर उचलला की मोठा. बस्स, एवढंच. कशालाही हात लावायचा नाही. सोवळ्यातलं वाद्य म्हणा ना!

हे मी रात्री मोबाईलवर बघितलं. क्लारा रॉकमोर नावाच्या एक बाई सेंट-सान्स या फ्रेंच संगीतकाराची ‘हंस’ ही रचना वाजवत होत्या. नजर कुठंतरी शून्यात, आणि उजव्या हाताची बोटं हवेतली न दिसणारी रांगोळी चिमटीत धरल्यासारखी. आवाज असा, की कुणी बाई दूरवर गातेय की चेलो वाजतोय ते कळू नये. आमच्या सौ.नं खांद्यावरून डोकावून बघितलं आणि विचारलं, "अहो, ही बाई कुणाची दृष्ट काढतेय?"

कोपऱ्यातल्या खाटेवरून मामा मात्र वेगळंच बोलले. "बाईना हात थरथरस का रे?"

"मुद्दाम हलवतात मामा. त्यानं सुराला कंप येतो."

"परत लाव," मामा म्हणाले.

मामांची ओळख करून द्यायला हवी. खानदेशातल्या लग्नांत त्यांनी चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलं. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, गाल फुगलेले आणि मागे ढोलताशांचा गदारोळ. दोंडाईचा, नरडाणा, शिरपूर, शहादा, जिथं म्हणून नवरदेव घोड्यावर बसला तिथं मामा त्याच्यापुढे उलटे चालत गेले. पुढे बँडच्या गाडीवर कीबोर्ड आला, त्यामागून डीजे आला आणि क्लॅरिनेट फक्त विदाईपुरतं उरलं. नंतर मामी गेल्या आणि मामा आमच्याकडे शिंदखेड्याला राहायला आले. तीन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यानं थोडं कमी झालं इतकंच. क्लॅरिनेटच्या भोकावरून बोट केसभर जरी सरकलं, तरी ते बोकडासारखं किंचाळतं. एकदा तसं किंचाळलं. त्या दिवशी मामांनी ते पुसून पेटीत ठेवलं, पेटी कपाटावर टाकली आणि तो विषय घरातून बंद झाला. चहा त्यांना अर्धा कप द्यायचा, आणि तो अर्धा का आहे हे कुणी बोलायचं नाही, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे.

आता त्या वाद्याच्या बापाविषयी. लेव्ह तेर्मेन, बाहेरच्या जगात लिऑन थेरेमिन. जन्म १८९६, सेंट पीटर्सबर्ग. माणूस पदार्थविज्ञानाचा, पण चेलोही वाजवायचा. म्हणजे दोन्ही खात्यांवर सही चालणारा. १९२० साली पेट्रोग्राडच्या एका प्रयोगशाळेत तो वायूंचे गुणधर्म मोजायचं यंत्र जुळवत होता. यंत्राला कानाला लावायचा फोन जोडलेला. त्याच्या लक्षात आलं, की आपला हात जवळ गेला की यंत्राची शीळ बदलते. दुसरा एखादा असता तर "हात लांब ठेवा" अशी पाटी लावून मोकळा झाला असता. यानं हात हलवून हलवून गाणं वाजवलं. १९२२ साली क्रेमलिनमध्ये त्यानं लेनिनला दोन गोष्टी दाखवल्या. एक, जवळ कुणी आलं की आपोआप वाजणारी चोरघंटा, आणि दुसरी हे वाद्य. लेनिननं म्हणे स्वतः हात फिरवून बघितला.

पुढे तो अमेरिकेला गेला, १९२८ साली पेटंट मिळवलं आणि १९२९ साली आर.सी.ए. कंपनीनं हे वाद्य बाजारात आणलं. ज्याला शीळ घालता येते त्याला हे वाजवता येईल अशा थाटाची जाहिरात केली. जाहिरात करणाऱ्यानं स्वतः वाजवून बघितलं नसावं. शिवाय त्याच शरद ऋतूत न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. जेमतेम पाचशे पेट्या निघाल्या आणि धंदा बुडाला. तेर्मेन १९३८ साली रशियात परतला, तर तिथं त्याला पकडून कोलिमाच्या छावणीत पाठवलं. मग कैद्यांच्याच प्रयोगशाळेत बसवून त्याच्याकडून सरकारी कामं करून घेतली. त्यातलं एक काम बघा. १९४५ साली मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला रशियन शाळकरी मुलांनी लाकडात कोरलेलं अमेरिकेचं बोधचिन्ह भेट दिलं. राजदूतानं कौतुकानं आपल्या बंगल्यात लावलं. आत बॅटरी नाही, वायर नाही. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की आतलं बोलणं बाहेर! १९५२ पर्यंत कुणाला पत्ता नव्हता. तेव्हापासून ऑफिसात भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ मी जरा जपूनच बघतो.

आणि त्या क्लाराबाई. मूळच्या व्हायोलिनवाल्या, त्याही अशातशा नव्हे. पाचव्या वर्षी सेंट पीटर्सबर्गच्या संगीतशाळेत प्रवेश. पण लहानपणच्या उपासमारीनं हाताचं दुखणं जडलं आणि गज धरणं अशक्य झालं. मग त्या या वाद्याकडे वळल्या, आणि असं वाजवलं की लोक तेर्मेनला विसरले. तेर्मेन त्यांच्या प्रेमात पडला होता. जवळ गेलं की आपोआप फिरणारा वाढदिवसाचा केक त्यानं त्यांच्यासाठी केला होता. बाईंनी लग्न मात्र एका वकिलाशी केलं. असो. हा हाताच्या दुखण्याचा मजकूर मी मामांना वाचून दाखवला नाही. जेवताना सौ.ला जरा चढ्या आवाजात सांगितला, एवढंच.

तयार वाद्य परदेशातून मागवता येतं. त्याची किंमत बघून मी मोबाईल उलटा ठेवला. तेव्हा घरीच करायचं ठरवलं. रॉबर्ट मूग नावाच्या अमेरिकन पोरानं शाळकरी वयात घरी बसून थेरेमिन केलं होतं, मग बी.कॉम. झालेल्या माणसाला काय हरकत आहे? (हाच मूग पुढे १९६४ साली सिंथेसायझरपर्यंत पोचला. म्हणजे मामांच्या क्लॅरिनेटला घरी बसवणारा बँडच्या गाडीवरचा तो कीबोर्ड हा या वाद्याचा नातूच लागतो. हे नातं मी मामांना अजून सांगितलेलं नाही.)

बाजारात एका रेडिओवाल्या काकांचं दुकान आहे. पाटीवर अजून ‘रेडिओ, ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर’ आणि आत मोबाईलची कव्हरं. मी कल्पना सांगितली तेव्हा काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "साहेब, जुन्या रेडिओची शीळ आठवते का? दोन स्टेशनांच्या मध्ये काटा अडकला की कुंईऽऽऽ व्हायचं? तेच आहे हे. आम्ही उभा जन्म ती शीळ बंद करण्याचे पैसे घेतले, आणि तुम्ही ती काढायला पैसे देताय!"

त्यांनी मला आतली गोष्ट समजावली ती अशी. पेटीत वीज दोन ठिकाणी थरथरत असते. एक सर्किट सेकंदाला समजा पाच लाख वेळा, दुसरं पाच लाख चारशे चाळीस वेळा. माणसाच्या कानाची मजल वीस हजारांपर्यंत, त्यामुळे या दोन्ही थरथरी आपल्याला ऐकूच येत नाहीत. पण दोन्ही एकत्र केल्या की मधला फरक, चारशे चाळीस, तो ऐकू येतो. तोच सूर. दोन्ही आकडे बरोबर जुळले की संपूर्ण शांतता. मी काकांकडे बघतच राहिलो. म्हणजे दोन लेजर, दोन्ही लाखांच्या घरातली, आणि गाणं फक्त न जुळणाऱ्या रकमेचं! आणि हा फरक पाडतो आपला हात. हात आणि दांडी यांच्यामध्ये जी विजेची साठवण होते ती पिकोफॅरॅडमध्ये मोजतात. पिकोफॅरॅड म्हणजे फॅरॅडचा लाख-कोटीवा भाग. लाख कोटी हा आकडा मी आजवर फक्त अर्थसंकल्पात ऐकला होता. तोही आपल्या हाताला लागत नाही.

काकांनी माळ्यावरून दोन मेलेले ट्रान्झिस्टर काढले आणि त्यातल्या लाल टोपीच्या कॉइल वेगळ्या केल्या. उभी दांडी गच्चीवरच्या जुन्या टीव्ही अँटेनाची. दूरदर्शनसाठी ती फिरवता फिरवता माझं बालपण गेलं होतं, त्यामुळे तिला मी हाताचा गुण म्हणून ठाऊक होतोच. कडं फ्रीजवाल्याकडच्या तांब्याच्या नळीचं. पेटी म्हणून देवघराचं जुनं खोकं. डाग मारायचं काम काकांचं, फुंकर मारायचं माझं.

पहिल्या खेपेला वाद्य बोलेचना. बारीक सूर यायचा, पण खालचे सूर यायच्या आत आवाज गपकन बंद. काकांनी निदान केलं. दोन्ही सर्किटं एका खोक्यात इतकी जवळ बसली होती की आकडे थोडे जवळ आले की ती एकमेकांच्या सुरात सूर मिसळून टाकायची. फरकच संपायचा. दोघा भावांना एका घरात ठेवलं की असं होतं असं मला वाटायचं नाही, माझा अनुभव उलट आहे. पण विजेच्या घरात होतं खरं. मध्ये गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याची भिंत घातली, वाटण्या झाल्या आणि दोघं स्वतंत्र बोलू लागली.

मग अर्थिंग. या वाद्याला जमिनीचा आधार लागतो, आणि आमच्या घरातल्या प्लगचं तिसरं भोक हे शोभेचं होतं. अंगणात खड्डा खणला. तांब्याची पट्टी, तिच्याभोवती लोणारी कोळसा आणि मीठ थरावर थर. शेजारच्या मावशी कुंपणावरून बघत होत्या. "लोणचं मुरवायला ठेवलंय का?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो. खरं सांगितलं असतं तर अर्धी गल्ली गोळा झाली असती. त्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी ओतावं लागतं, नाहीतर खानदेशातल्या उन्हाळ्यात माती आणि वीज यांचा संबंध सुटतो. सौ.नं तुळशीला पाणी घालताना तिथंही घालायला सुरुवात केली. काही दिवसांनी मावशी तिथून जाताना नमस्कार करू लागल्या.

वाद्य वाजलं. म्हणजे आवाज आला. गाभण म्हशीला पोटदुखी व्हावी तसा. हार्मोनियमला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात, सारंगीला ते नसले तरी निदान तार असते. इथं समोर नुसती हवा. सा कुठं आहे हे हवेला विचारायचं. आपल्या संगीतात मींड म्हणजे मोठी चीज. पेटीला मींड येत नाही, हेही एक कारण सांगून १९४० साली रेडिओनं तिच्यावर बंदी घातली, ती थेट १९७१ पर्यंत. या वाद्याची अडचण उलटी आहे. याला मींडेशिवाय दुसरं काही येतच नाही. सा वरून प वर जायचं तर मधलं सगळं खानदेश फिरून जावं लागतं. स्वर सुटा करायचा तर डाव्या हातानं मधला आवाज दाबायचा, उजव्या हातानं जागा गाठायची आणि बाकीच्या शरीरानं पुतळा व्हायचं. नाक खाजवलं तरी ताल आणि सूर दोन्ही जातात.

त्यातून घर आमचं. दीडशे फुटांच्या खोलीत लोखंडी कपाट, डोक्यावर पंखा आणि माणसं. या वाद्याला तुमचाच हात कळतो असं नाही, जवळ येईल तो प्रत्येक देह कळतो. सौ. फोडणीचं वरण घेऊन गेली की सूर वर, परत आली की खाली. मावशी काय चाललंय ते बघायला उंबऱ्यावर आल्या की कडी वाजण्याच्या आधी वाद्य कण्हायचं. लेनिनला दाखवलेली ती चोरघंटा हीच, हे तेव्हा पटलं. सकाळी लावलेला सा दुपारी बेचाळीस अंशांत वितळून कोमल ऋषभापाशी जायचा. महिनाभराच्या मेहनतीनंतर मी वाढदिवसाचं इंग्रजी गाणं वाजवलं, तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, ॲम्ब्युलन्स छान जमली."

मामा हे सगळं खाटेवरून बघत होते. एकदाच त्यांनी विचारलं होतं, "हाई हात न लावता वाजस?" मी हो म्हटलं. मग महिनाभर काही नाही.

एका रविवारी दुपारी वीज गेली. वाद्य बॅटरीवर चालू होतं, पंखा बंद, गल्ली झोपलेली. मी पाणी प्यायला आत गेलो आणि मागून आवाज आला. बाहेर आलो तर मामा पेटीसमोर उभे होते. दोन्ही कोपर अंगाशी घट्ट लावलेले, मान खाली, कान दांडीकडे. ते सा शोधत होते. खालून हळूहळू वर आले, पुढे गेले, मागे आले आणि थांबले. हात थरथरतच होता. पण तो थरथर सुराच्या दोन्ही बाजूंना सारखाच होता, आणि ऐकणाऱ्याला तो कंपच वाटत होता. क्लाराबाई जो मुद्दाम आणत होत्या तो. मामा पुढे सरकले. प. मग रे. चुकत होते, पण चुकल्याचं त्यांना माझ्या आधी कळत होतं. चाळीस वर्षं ओठांनी सूर सावरलेल्या माणसाला नुसत्या कानानं हवेत जागा सापडत होती. विदाईच्या वेळी ते वाजवायचे ती धून मी ओळखली. पहिली ओळ सुमारे तीन मिनिटं चालली.

मी नकळत पुढे गेलो असेन. मामा डोळे न उघडता म्हणाले, "सूर चढी ऱ्हायना. तू मांगे सरक."

मी सरकलो. एवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून आली, तिनं पदर डोळ्याला लावला आणि सवयीनं मामांच्या जवळ जायला निघाली. सूर गडबडला. "सूनबाई, तूबी!" मामा ओरडले. शेवटी आम्ही दोघं आठ फुटांवर भिंतीला पाठ लावून, हात खाली सोडून, शाळेत प्रार्थनेला उभं राहावं तसे उभे राहिलो. चिरंजीवांना दारातच खुणेनं थोपवलं. मामांना शाबासकी द्यायची तर ती तिथूनच द्यायची होती. पाठीवर हात ठेवला की गाणं बिघडणार.

त्यानंतर घराची शिस्त बदलली. दुपारी चार ते पाच पंखा बंद. मे महिन्यात, शिंदखेड्याला! लोखंडी कपाट आतल्या खोलीत. मावशींनी त्या तासात यायचं नाही, आलं तर अंगणातल्या त्या खड्ड्याजवळ बसून ऐकायचं. मामांना गोळी घेतल्यावर तासाभरानं हात जास्त ताब्यात असतो, म्हणून गोळीची वेळ आता ते स्वतः सांगतात. पूर्वी आम्ही विसरलो तर त्यांना आनंदच व्हायचा. मला वाजवायला वेळ उरत नाही. तक्रार कुणाचीच नाही.

मागच्या आठवड्यात मामांच्या जुन्या बँडचे मालक मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. बसले, चहा घेतला, मामांचं वाजवणं ऐकलं. भिंतीला पाठ लावूनच ऐकलं, कारण घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला सौ. आधी जागा दाखवते. मग म्हणाले, "मास्तर, वरातीत गाडीवर ठेवू. लोक वेडे होतील."

"नाचनारा जवळ उनात की सूर चढस," मामा म्हणाले.

"मग तर चांगलंच! नाचणारेच वाजवतील!"

मामांना हा विनोद अजिबात आवडला नाही. वरातीत नाही, विदाईला बघू. आणि माणसं दहा फूट लांब पाहिजेत, नवरीचा बापसुद्धा, असं त्यांनी बजावलं. शिवाय वाद्याला अर्थिंग लागतं, ते लग्नाच्या मांडवात कुठून आणणार? मालक विचार करतो म्हणाले आणि गेले.

रात्री जेवणं झाल्यावर मी सुपारी कातरत बसलो होतो. मामा खाटेवर उठून बसले. "भाऊ," ते म्हणाले, "बादलीमा माती, मीठ आनि कोयसा भरीसन चाली का?"

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बराच वेळ मोबाईलच्या कव्हरांकडे बघितलं आणि सांगितलं, की चालायला हरकत नाही, पण बादली पत्र्याची पाहिजे, प्लास्टिकची नको. आमच्याकडे पत्र्याची बादली एकच आहे आणि ती धुण्याची आहे. सौ.नं ती देणार नाही म्हणून सकाळीच सांगून टाकलं, आणि संध्याकाळी घासून उन्हात पालथी घालून ठेवली.